चार अल्बम, तीन लेबलं आणि सहा वर्षांची शांतता

करिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चढती कमानच येते. आज या पायरीवर, पुढच्या वर्षी त्या पायरीवर. मध्ये दोन वर्षं रिकामी गेली की मुलाखत घेणारा चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "या काळात काय करत होतात?"

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिअ‍ॅटल शहरात एक बँड आहे, फ्लीट फॉक्सेस. त्यांचा पहिला पूर्ण अल्बम २००८ साली आला आणि चौथा २०२० साली. बारा वर्षांत मोजून चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बमच्या मध्ये तब्बल सहा वर्षं गेली. तेवढ्यात ड्रमर बाहेर पडून वेगळ्या नावाने गाजला आणि गाणी लिहिणारा मुख्य गायक न्यूयॉर्कला जाऊन कॉलेजच्या वर्गात बसला. ही सगळी बँड मोडल्याची लक्षणं. पण बँड मोडला नाही. तो परत आला, आणि माझ्या मते आधीपेक्षा धीट होऊन आला.

मी या मंडळींची गाणी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. इंडी फोक-रॉक वाजवणारा बँड जगतो कसा, पैसा कुठून येतो, गाणं नेमकं कोणाच्या मालकीचं असतं आणि मध्येच थांबणं कोणाला परवडतं, हे समजून घ्यायला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी दोन शब्दांचा उलगडा

'फोक' म्हणजे लोकसंगीत. अमेरिकेत त्याचे झरे अनेक आहेत: अ‍ॅपलेशियन डोंगररांगांतली कथागीतं, चर्चमधली समूहगीतं, कृष्णवर्णीय समाजाचं ब्लूज. ही गाणी कोणी रचली हे बऱ्याचदा ठाऊक नसतं. ती तोंडातोंडी पुढे आली. विसाव्या शतकात गिटार घेऊन एकट्याने गाणारे गायक त्याच वळणाची नवी गाणी लिहू लागले. मग आलं १९६५ साल. 'द बर्ड्‌स' या बँडने बॉब डिलनचं एक गाणं बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी २५ जुलैला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात खुद्द डिलन इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. लोकसंगीत भ्रष्ट झालं असं त्यांना वाटलं. त्या भांडणातून जे उरलं ते फोक-रॉक: वळण जुनं, जोर नवा.

'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चं लाडकं रूप. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्यांच्या छत्राबाहेर जे संगीत निघतं ते इंडी, असा मूळ अर्थ. व्यवहारात मात्र ही रेघ पुसट आहे. फ्लीट फॉक्सेसचे पहिले दोन अल्बम सिअ‍ॅटलच्या 'सब पॉप' या कंपनीने काढले. 'निर्वाणा' या रॉक बँडचा १९८९ सालचा पहिला अल्बम काढणारी हीच ती कंपनी, आणि इंडी जगतात तिला मोठा मान आहे. पण १९९५ पासून तिचा ४९ टक्के हिस्सा वॉर्नरकडे आहे. मग ती इंडी की नाही? मला विचाराल तर आहे. प्रश्न निर्णय कोण घेतं हा असतो. गाणं नऊ मिनिटांचं हवं की तीन मिनिटांचं, मुखपृष्ठावर गायकांचे चेहरे छापायचे की नाही, पुढचा अल्बम कधी, हे बँड ठरवत असेल तर कागदावरची टक्केवारी दुय्यम आहे.

फ्लीट फॉक्सेसच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर खरोखरच कोणाचा चेहरा नव्हता. तिथे होतं पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराचं १५५९ सालचं चित्र. एका गावाच्या देखाव्यात त्याने शंभराहून जास्त म्हणी रंगवल्या आहेत. कोणी भिंतीवर डोकं आपटतोय, कोणी वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवतोय. लांबून बघितलं तर नुसती गजबज. जवळ गेलं की प्रत्येक कोपऱ्यात एकेक गोष्ट. या बँडच्या गाण्यांचंही तसंच आहे.

एकाच वेळी चार गळे

आपण आरती म्हणतो तेव्हा शंभर माणसं असली तरी चाल एकच असते. कोणी खालच्या पट्टीत, कोणी वरच्या, पण स्वरांची वाट सगळ्यांची सारखी. फ्लीट फॉक्सेस जे करतात ते याच्या उलट आहे. शब्द एक, ताल एक, पण प्रत्येकाचा स्वर वेगळा. एक जण षड्जावर असेल तर दुसरा गंधारावर, तिसरा पंचमावर. तिघेही एका दमात पुढे सरकतात आणि कानाला एकच भरदार आवाज ऐकू येतो. याला हार्मनी म्हणतात.

त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं 'व्हाइट विंटर हिम्नल'. ते जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. सुरुवातीला वाद्य नाही. एक आवाज तीन-चार शब्द म्हणतो आणि वाक्य अर्धवट सोडून पुन्हा तेच शब्द घेतो. मग त्यात दुसरा आवाज मिसळतो, मग तिसरा, जणू एकेक जण खोलीत येऊन उभा राहतोय. सगळे जमले की ढोलाचा जाड ठोका पडतो आणि तेव्हा कुठे वाक्य पुढे जातं. पुढेही त्यात एकच कडवं आहे, तेच पुन्हा पुन्हा येतं. कथानक म्हणावं तर बर्फात चाललेली लाल मफलरवाली मुलं, एवढंच. तरी गाणं संपल्यावर कोणीतरी आपल्याला लहानपणची एखादी भीती सांगून गेलंय असं वाटत राहतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लागोपाठ चार वेळा ऐकलं होतं.

हे इतक्या बारकाईने सांगण्याचं कारण आहे. अशा बँडची पुंजी म्हणजे हा ओळखू येणारा आवाज. देखणे चेहरे नाहीत, नाच नाही, वाद नाहीत. एक दार उघडून त्यातून येणाऱ्या सुरावरून "अरे, हे तेच" असं ओळखता आलं पाहिजे. फोक-रॉक बँडचं सगळं करिअर या एका गोष्टीवर तोललेलं असतं, आणि ती गोष्ट पैसे देऊन विकत मिळत नाही.

बँडचा मुख्य गायक रॉबिन पेक्नोल्ड आणि त्याचा साथीदार स्कायलर शेल्सेट हे शाळासोबती. सिअ‍ॅटलजवळच्या कर्कलंडमधल्या एका शाळेत त्यांची गट्टी जमली ती जुन्या रेकॉर्डांच्या आवडीतून. बँड जमवला, फिल एक या अनुभवी निर्मात्याने त्यांच्यातलं पाणी ओळखलं, पण स्टुडिओचं भाडं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून पहिल्या अल्बमचं बरंचसं काम मित्रांच्या खोल्यांत आणि पेक्नोल्डच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात झालं. गाणी मायस्पेस या संकेतस्थळावर टाकली होती. त्या काळी बँडची ओळख तिथेच होत असे. ऐकणाऱ्यांची संख्या भराभर वाढली आणि २००८ च्या जानेवारीत सब पॉपने करार केला. (त्याच मायस्पेसने पुढे २०१९ मध्ये कबूल केलं की त्यांच्या सर्व्हरवरून जुनी लाखो गाणी कायमची पुसली गेली आहेत. कित्येक बँडचा एकमेव पुरावा त्यात गेला. हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं.)

जूनमध्ये अल्बम आला. पिचफोर्क या तेव्हाच्या सर्वांत वजनदार संगीत-नियतकालिकाने त्या वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याची निवड केली. जानेवारी २००९ मध्ये हा बँड 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायला. पेक्नोल्ड तेव्हा बावीस वर्षांचा होता.

उचल आणि दोन कुलपं

आता पैशाकडे येऊ. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही व्हायचा.

लेबलशी, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीशी, करार झाला की बँडला काही रक्कम हातात मिळते. तिला अ‍ॅडव्हान्स म्हणतात, पण आपल्या भाषेतला 'उचल' हा शब्द जास्त नेमका आहे. उचल म्हणजे बक्षीस नव्हे. पुढच्या कमाईतून ती वळती करून घेतली जाते. समजा पन्नास हजार डॉलरची उचल मिळाली आणि अल्बमच्या प्रत्येक प्रतीमागे बँडचा वाटा दोन डॉलर ठरला. म्हणजे पंचवीस हजार प्रती खपेपर्यंत बँडच्या हातात एक डॉलरही पडणार नाही. रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा खर्च, दौऱ्यासाठी लेबलने दिलेला आधार हेही पुष्कळदा त्याच खात्यात चढतं. त्यामुळे अल्बम गाजतोय, वर्तमानपत्रांत नाव छापून येतंय, आणि बँडची माणसं मात्र भाड्याची जुळवाजुळव करतायत, असं चित्र सर्रास दिसतं. दिलासा एवढाच की अल्बम पडला तर राहिलेली उचल सहसा खिशातून परत करावी लागत नाही. बऱ्याच इंडी कंपन्या टक्केवारीऐवजी वेगळा हिशेब ठेवतात: आधी खर्च भरून काढायचा, मग उरलेला नफा अर्धा-अर्धा. उचल लहान मिळते, पण अल्बम चालला तर बँडचा फायदा जास्त.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालकी. एकाच गाण्याला दोन कुलपं असतात आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात.

पहिलं कुलूप रचनेचं. शब्द आणि चाल मिळून जी रचना होते, तिचे हक्क लिहिणाऱ्याचे आणि त्याच्या प्रकाशकाचे. दुसरं कुलूप ध्वनिमुद्रणाचं, म्हणजे अमुक दिवशी अमुक माणसांनी गायलेल्या त्या विशिष्ट आवाजाचं. याला मास्टर म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या करारात ते बहुधा लेबलच्या ताब्यात जातं. गाणं कोणी नव्याने गायलं तर पैसे फक्त पहिल्या कुलपाला. जुनीच ध्वनिमुद्रिका एखाद्या चित्रपटात वापरायची असेल तर दोन्ही किल्ल्या हव्यात.

बँडमध्ये पाच माणसं असली तरी रचनाकार म्हणून एकाचंच नाव असेल, तर रचनेचा पैसा कायद्याने त्या एकाचाच. बाकीचे रेकॉर्डच्या वाट्यावर आणि दौऱ्यांवर अवलंबून. म्हणून जगात जितके बँड गाण्यावरून फुटले त्याहून जास्त रचनाकाराच्या नावाच्या या ओळीवरून फुटले असतील असं मला वाटतं. काही बँड शहाणपणाने सुरुवातीलाच ठरवतात की नाव कोणाचंही असो, पैसा सारखा वाटायचा. मैत्री ताजी असते तेव्हाच हे बोलून घेणं सोपं असतं.

दौऱ्याचे दिवस

बहुतेक इंडी बँडची चूल दौऱ्यावर पेटते. तिकिटं आणि कार्यक्रमाच्या दारात विकले जाणारे टी-शर्ट, रेकॉर्ड, पोस्टर. पण मिळालेल्या रकमेतून कार्यक्रम ठरवणाऱ्या एजंटचे साधारण दहा टक्के जातात, व्यवस्थापकाचे पंधरा ते वीस. मग गाडी, इंधन, हॉटेल, ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस. उरलं ते पाच-सहा जणांत वाटायचं. रिकाम्या दिवशीही खोलीचं भाडं आणि जेवण सुटत नाही, म्हणून दौऱ्यावरचा बँड सुट्टी घ्यायला घाबरतो.

हार्मनी गाणाऱ्या बँडला आणखी एक जाच असतो. एकट्या गायकाचा घसा बसला तर तो पट्टी खाली घेऊ शकतो. इथे चौघांपैकी एकाला सर्दी झाली तरी इमारतीचा एक खांब निखळतो. मधला स्वर गेला की उरलेले उघडे पडतात. रोज रात्री, वेगळ्या सभागृहात, कमी झोपेवर हे जमवायचं असतं.

पहिला अल्बम लोकांना इतका आवडला की दुसऱ्याचं ओझं वाढलं. काम लांबत गेलं. 'हेल्पलेसनेस ब्लूज' २०११ च्या ३ मे रोजी आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट चौथ्या क्रमांकावर उतरला. ग्रॅमीच्या लोकसंगीत विभागात त्याला नामांकन मिळालं. शीर्षकगीतात गायक म्हणतो ते थोडक्यात असं: आपण सगळ्यांहून वेगळे आहोत असं मला लहानपणापासून शिकवलं, पण आता वाटतं की एखाद्या मोठ्या यंत्रातलं छोटंसं चाक होऊन कोणाच्या तरी उपयोगी पडावं. गाण्याच्या शेवटी त्याला फळबागेत काम करावंसं वाटतं, हात दुखेपर्यंत. यश डोक्यावर चढलेला माणूस असं लिहीत नाही. मला त्या गाण्यात पुढच्या सहा वर्षांची चाहूल लागते.

जानेवारी २०१२ मध्ये ड्रमर जोश टिलमन बाहेर पडला. तो २००८ मध्ये या बँडमध्ये आला तेव्हा त्याचे स्वतःचे अल्बम आधीच निघालेले होते, फक्त ते फार कोणी ऐकलेले नव्हते. दुसऱ्याची गाणी, दुसऱ्याची दृष्टी, आणि आपण मागे बसून ठोका धरायचा. स्वतः लिहिणाऱ्याला हे किती दिवस मानवणार? त्याच वर्षी तो 'फादर जॉन मिस्टी' या नावाने आला आणि अल्पावधीत स्वतःच्या बळावर मोठा झाला. याला बँडचं नुकसान म्हणणं सोपं आहे. मला ते बँडमधून उठून गेलेलं दुसरं करिअर वाटतं.

जमीन पड ठेवली तर

मग सगळं शांत झालं. नवा अल्बम नाही, दौरा नाही. पेक्नोल्डने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. वीस-बाविसाव्या वर्षी ज्या वर्गांत बसायचं राहून गेलं होतं, त्यांत तो आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी जाऊन बसला.

त्या शांततेत बाहेरचं जग मात्र बदलत होतं. स्पॉटिफाय अमेरिकेत सुरू झालं ते जुलै २०११ मध्ये, म्हणजे 'हेल्पलेसनेस ब्लूज' आल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी. २०१६ पर्यंत अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या एकूण उत्पन्नातला निम्म्याहून जास्त पैसा अशा सेवांमधून येऊ लागला. बँड झोपला तेव्हा लोक अल्बम विकत घेत होते. जागा झाला तेव्हा महिन्याचं शुल्क भरून सगळंच ऐकत होते.

या नव्या पद्धतीत एका ऐकण्यामागे ठरलेला दर नसतो. एखाद्या देशातून महिनाभरात जमलेल्या पैशाचा ढोबळमानाने दोन-तृतीयांश भाग हक्कदारांसाठी बाजूला काढतात आणि एकूण ऐकण्यांमध्ये ज्याचा जितका हिस्सा तितके पैसे त्याच्या वाट्याला जातात. म्हणजे मी महिनाभर फक्त फ्लीट फॉक्सेस ऐकलं, तरी माझं शुल्क त्या सामायिक हंड्यात पडतं आणि त्यातलं बरंचसं मी कधीही न ऐकलेल्या कलाकारांकडे जातं. थोडी पण निष्ठावंत माणसं ज्यांना ऐकतात, अशा बँडवर यात अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. पूर्वी अल्बम एकदा विकला की पुन्हा पैसा नाही. आता जुनं गाणं दर वेळी ऐकलं की थेंब पडतो, थेंबच, पण पडत राहतो.

याच काळात एक गोष्ट घडली आणि पहिल्या कुलपाचं महत्त्व तिच्यामुळे पुरतं कळतं. २०१४ मध्ये पेंटाटॉनिक्स या वाद्यांशिवाय गाणाऱ्या अमेरिकी गटाने नाताळचा अल्बम काढला आणि त्यात 'व्हाइट विंटर हिम्नल' गायलं. मूळ गाण्यात नाताळ कुठेच नाही. बर्फ आहे एवढंच. पण नाताळ दर वर्षी येतो आणि तो अल्बम अमेरिकेत प्रचंड खपला.

अमेरिकी कायद्याप्रमाणे एखादी रचना एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली की तिची मूळ चाल न मोडता ती कोणीही पुन्हा गाऊन विकू शकतं. रचनाकाराची परवानगी लागत नाही, फक्त ठरलेला दर द्यावा लागतो. २०१४ साली हा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रत्येक प्रतीमागे ९.१ सेंट होता. ऐकायला क्षुल्लक. पण दहा लाख प्रती धरून गुणून बघा: एक्क्याण्णव हजार डॉलर. हे सगळे रचनेच्या हक्कदारांचे. मास्टर ज्याच्याकडे आहे त्याला यातला छदामही नाही, कारण त्याचं ध्वनिमुद्रण कोणी वापरलेलंच नाही. फ्लीट फॉक्सेसच्या त्या अल्बमवर रचनाकार म्हणून पेक्नोल्डचं नाव आहे. बँड तीन वर्षं गप्प होता, आणि तळघराच्या दिवसांतलं ते गाणं दुसऱ्यांच्या गळ्यातून कमावत होतं.

थांबणं परवडतं ते अशाने. ज्याच्या नावावर रचना आहेत त्याला नवं काही न करता काही वर्षं श्वास घेता येतो. ज्याचं पोट फक्त दौऱ्यावर आहे त्याला ही चैन नाही. त्याला दुसरा बँड शोधावा लागतो. म्हणून "कलाकाराने स्वतःला वेळ द्यावा" असा सल्ला कोणी दिला की मला आधी विचारावंसं वाटतं, हक्क कोणाकडे आहेत? शेतकरी जमीन पड ठेवतो ती कस परत यावा म्हणून, पण त्यासाठी जमीन आपली असावी लागते.

परत येताना

२०१७ च्या मार्चमध्ये नवं गाणं आलं. जवळजवळ नऊ मिनिटांचं. सहा वर्षांनी परतणाऱ्या कोणालाही लेबलवाले सांगतील की आधी तीन मिनिटांचं, गुणगुणता येईल असं काहीतरी दे. इथे गाणं मध्येच थबकतं, वळतं, बुडतं आणि शेवटी नुसत्या वाद्यांच्या धूसर आवाजात विरून जातं. त्याच्या नावात ३ मे ही तारीख आहे. दुसरा अल्बम त्याच तारखेला आला होता, आणि शेल्सेटचा वाढदिवसही त्याच दिवशी असतो. गाणं पेक्नोल्ड आणि शेल्सेटच्या मैत्रीबद्दल आहे: शाळेत सुरू झालेली, यशात ताणलेली, मधल्या वर्षांत दूर गेलेली मैत्री. जूनमध्ये 'क्रॅक-अप' हा अल्बम 'नॉनसच'कडून आला. नॉनसच वॉर्नरच्या मालकीची आहे, म्हणजे व्याख्येप्रमाणे बँड आता इंडी राहिला नव्हता. आणि तरी त्यांनी आजवर केलेलं सर्वांत हट्टी, सर्वांत कमी तडजोडीचं काम तेच.

चौथा अल्बम 'शोअर' आणखी वेगळ्या परिस्थितीत झाला. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने सगळं बंद पडलं होतं. सभागृहांना टाळं, दौरे नाहीत, बँडला एका खोलीत जमता येत नव्हतं. पेक्नोल्डकडे चाली होत्या, शब्द नव्हते. त्या उन्हाळ्यात तो एकटाच गाडी घेऊन लांब लांब फिरायचा आणि गाडी चालवता चालवता शब्द सुचत गेले. अल्बम 'अँटी' या तिसऱ्या लेबलवर आला तो २२ सप्टेंबर २०२० रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी १ वाजून ३१ मिनिटांनी. तो शरद संपाताचा नेमका क्षण होता, दिवस आणि रात्र समान होतात तो. पंधरा गाणी, सुमारे पंचावन्न मिनिटं, सोबत वायव्य अमेरिकेच्या निसर्गाचं १६ मिलिमीटर फिल्मवर टिपलेलं चित्रण. सहा-सहा महिने आधीपासून जाहिरात करण्याची या धंद्याची रीत आहे. इथे तसलं काहीच नव्हतं. ग्रॅमीचं नामांकन याही अल्बमला मिळालं, पण या वेळी 'ऑल्टरनेटिव्ह' विभागात. खण बदलला, आवाज तोच.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, ब्रुकलिनमधल्या एका चर्चमधून पेक्नोल्डने इंटरनेटवर मैफल केली. मोठं उंच चर्च, एक माणूस, एक गिटार, काही गाण्यांना साथीला स्त्रियांचं एक समूहगान पथक. चार गळ्यांसाठी बांधलेली गाणी तो एकट्याने गात होता, आणि उरलेले तीन स्वर ऐकणाऱ्याने मनातल्या मनात भरायचे होते. मी ते भरले.

पण मला सगळ्यात जास्त भावतो तो 'शोअर'चा पहिला मिनिट. अल्बम लावला की पेक्नोल्डचा आवाज येत नाही. एका तरुण मुलीचा येतो, मऊ, थोडासा संकोचलेला. तिचं नाव उवाडे. तिने फ्लीट फॉक्सेसचं २००८ सालचं एक गाणं स्वतःच्या आवाजात म्हणून इन्स्टाग्रामवर टाकलं होतं, तळघरातली मुलं कधीकाळी मायस्पेसवर टाकायची तसंच. पेक्नोल्डने ते ऐकलं. आणि स्वतःच्या अल्बमचं पहिलं गाणं तिला गायला दिलं.